नावाभोवतीची नक्षी

“...मग नियम कुणाचा, सर? अक्षर हरवलं तर चित्र बाद, हे मला कुणी शिकवलं?”

अत्तार सर खिडकीपाशी बसून बशी पुसत होते. बशी कोरडी झाली होती, तरी पुसत होते.

“मी,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय. चहा घे.”

विद्युल्लता कणसेनं चहा घेतला नाही. शाळा सुटल्या सुटल्या ती स्कूटर काढून तडक पाटणच्या बाजारपेठेमागच्या या घरी आली होती. काखेत कार्डशीटची गुंडाळी होती आणि कपाळावर आठी. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण काही अडलं की ती इथंच यायची. आज मात्र विचारायला आली नव्हती. होकार घ्यायला आली होती. उद्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, पाहुणे म्हणून सरच येणार होते, आणि भिंतीवर एक कागद लावायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

फक्त सरांनी एकदा मान हलवायची होती. ती काही सर हलवेनात.

विद्युल्लताचा राग समजून घ्यायचा तर तिची शाळा समजून घ्यायला हवी. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी मागं राहिलेला धडा उरकायचा तास, अशी सोय गावोगावच्या शाळांनी कधीच करून टाकली आहे. चित्रकलेच्या शिक्षकानं मतदार याद्या कराव्यात, खिचडीचे तांदूळ मोजावेत, पाहुण्यांच्या स्वागताचे फलक रंगवावेत आणि उरलेल्या वेळात कला जोपासावी. विद्युल्लतानं हे चालू दिलं नाही. तास मागून मिळेना, तेव्हा भांडून घेतला. रंग मिळेनात, तेव्हा रंगांशिवाय काय काढता येईल ते शोधून काढलं.

ते म्हणजे डूडल. कागदाच्या मधोमध एक शब्द मोठ्या, पोकळ अक्षरांत लिहायचा आणि भोवतीची सगळी जागा काळ्या पेनानं नक्षीत भरायची. माशाचे खवले, जाळी, लाटा, विटांची भिंत, मोराच्या पिसाचे डोळे. ज्या पोराला माणसाचं नाक काढता येत नाही, त्यालाही खवल्यांची ओळ काढता येते. नक्षीनं कागद काळा होत जातो आणि मधलं पांढरं अक्षर उजळत जातं. बाईंच्या वर्गात पोरं तासाची घंटा झाली तरी उठत नसत. पुण्यातल्या शाळांनी तिला शिकवायला बोलावलं, वर्तमानपत्रात फोटो आला, मोबाइलवर तिचे धडे कुठल्या कुठल्या गावची मुलं बघू लागली.

पहिल्यांदा तिनं हे सरांना दाखवलं, तेव्हा सर चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले होते.

“आमच्या वेळी याला वहीचं मागचं पान खराब करणं म्हणायचे,” ते म्हणाले होते. “छड्या मिळायच्या. तुला पुरस्कार मिळाला.”

ती हसली होती. पण तिला ठाऊक होतं, हे सगळं आलं ते सरांच्याच रंगखोलीतून.

ती रंगखोली आता नाही. तिथं कॉम्प्युटर आणून ठेवले, ते बंद पडले आणि खोलीला कुलूप लागलं. पण विद्युल्लताला अजून खोलीचा वास येतो. भिजलेल्या खडूचा, डिंकाचा, पत्र्याच्या झाकणांत वाळलेल्या रंगांचा. सर खडू साखरेच्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे फळ्यावर रंग दाट उमटतो. शाळा भरण्याआधी सर फळ्यावर सुविचार लिहीत आणि भोवती वेल काढत. वेल एकाच हातानं, एका दमात. पोरं व्हरांड्यात उभी राहून बघत. सुविचार कुणी वाचत नसे, वेल मात्र सगळे बघत.

तिथंच एकदा त्यांनी सगळ्यांना आपापलं नाव लिहून नक्षी काढायला सांगितली होती. विद्युल्लताच्या नावाला कागद पुरेना. द्यु काढला तर ल्ल बसेना. मग तिनं नाव बारीक लिहिलं आणि फुलंच फुलं काढली. सगळ्या वर्गात तिचा कागद देखणा. सर आले, कागद उचलला, जवळ धरला, लांब धरला.

“बाग छान आहे,” ते म्हणाले. “तू कुठं आहेस हिच्यात?”

आणि कागद बाद.

ती रडली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा लिहिलं, द्यु आणि ल्ल दोन्ही ठसठशीत, आणि भोवती एकच वेल. तो कागद सरांनी फळ्याशेजारी लावला. गावात सगळे तिला लता म्हणत, घरीसुद्धा. पूर्ण नावानं हाक मारणारे एकटे सर. अजूनही.

म्हणून तो नियम तिच्या अंगात मुरला होता. आधी अक्षर, मग नक्षी. अक्षर हरवलं की चित्र बाद. तिच्या वर्गातल्या भिंतीवर तो लिहिलेला होता.

“काय झालं ते सांग तरी,” सर आता म्हणाले. “आल्यापासून नियमच सांगतेयस.”

तिनं सांगितलं.

आठवीत एक मुलगी आहे. वरच्या वाडीतून चालत येते. नाव ऐश्वर्या.

“वाडीवर ऐश्वर्या?”

“ते रजिस्टरातलं, सर. सरकारी समारंभात ठेवलेलं. घरी नकुशी म्हणतात.”

सरांनी मान हलवली. त्या भागात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुलीवर मुलगी, पुन्हा मुलगीच झाली, की तिसरीला किंवा चौथीला हे नाव चिकटवायचं. नको होती, ती नकुशी. म्हणजे देव पुढच्या वेळेला समजून घेतो म्हणे. देवानं समजून घेतलं की नाही कोण जाणे, पोरीला मात्र जन्मभर रोज कुणी ना कुणी हाक मारून ते समजावून सांगतो.

मग एके दिवशी सरकारला जाग आली. मांडव घातला, अशा सगळ्या मुलींना गोळा केलं आणि एका दिवसात सगळ्यांना नवी नावं दिली. पाहुणे दुपारपर्यंत आले नाहीत. पोरी उन्हात बसून राहिल्या. आले तसे घाईघाईनं फुलं दिली, फोटो काढले, भाषणं ठोकली आणि गाड्या धूळ उडवत गेल्या. कुणी एकीलाही विचारलं नाही, बाई, तुला काय म्हणवून घ्यायचंय. वाडीवर परतल्यावर आईनं हाक मारली, ती जुनीच.

“परवा मी वर्गात सांगितलं, आपापलं नाव लिहा,” विद्युल्लता म्हणाली. “सगळ्यांनी लिहिलं. हिनं काय लिहावं? नकुशी. एवढ्या मोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, अगं, तुला चांगलं नाव आहे ना? तर म्हणते, ते माझं न्हाई. प्रदर्शनाला साहेब येणार, बाहेरचे लोक येणार. ही शिवी मी माझ्या शाळेच्या भिंतीवर लावू?”

“मग?”

“मग मी म्हटलं, बरं, आधी पूर्ण तर कर. निदान नक्षी तरी बघू. तर तिनं अक्षरच बुजवून ठेवलं. पहिलंच. नक्षीत बुडवून टाकलं. म्हटलं, तुझं अक्षर हरवलं, पुन्हा काढ. माझ्याकडं बघून म्हणते, हरवलं न्हाई, बाई. उलट उत्तर. मी नवा कागद दिला. वर माझ्या हातानं पेन्सिलीनं ऐश्वर्या लिहून दिलं. ती हाताची घडी घालून बसली. तास संपेपर्यंत.”

“आणि आज?”

विद्युल्लतानं काखेतली गुंडाळी मांडीवर घेतली.

“आज मधल्या सुट्टीत आली. म्हणाली, ह्यो कागुद लावला न्हाई, तर मी उद्यापास्नं येनार न्हाई साळंला.”



ती खरंच येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. तिच्या घरी कुणी तिला समजवायला बसणार नव्हतं. घरचे याच वाक्याची वाट बघत होते. बापानं स्थळं बघायला सुरुवात केल्याचं वर्गातल्या मुलींनीच बाईंना सांगितलं होतं. वाडीवरून आठवीत शाळा सोडलेली मुलगी पुन्हा वर्गात आलेली विद्युल्लतानं आजवर पाहिली नव्हती.

“म्हणून का मी वाकायचं, सर?” ती म्हणाली. “एकीनं धमकी दिली म्हणून नियम मोडला, की उद्या सगळा वर्ग...”

“मी सुट्टीत ट्रंका रंगवायचो,” सर म्हणाले.

तिनं उसासा सोडला. सर हल्ली असेच बोलता बोलता मागं जात.

“मे महिन्यात. चौकात भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या पायरीवर. लग्नसराईत नवरीची ट्रंक घ्यायचे लोक. हिरवी, तांबडी. वर नाव रंगवायचं, भोवती गुलाब आणि वेल. माहेरचं नाव नाही हं. सासरी जे ठेवणार ते. मला चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पोरीला पुष्कळदा ट्रंकेवर वाचून कळायचं, आपलं नाव आता काय ते.”

ते हसले. मग बशी बाजूला ठेवली.

“एक आली होती आत्याबरोबर. चिठ्ठीत शकुंतला. आत्या बांगड्या भरायला गेली तशी ही पुढं झाली. म्हणाली, मामा, झाकणाच्या आतून तानूबाई लिहिता का. मी म्हटलं, आतून कोण वाचणार. ती म्हणाली, लुगडं काढताना मी वाचीन की.”

“लिहिलंत?”

“लिहिलं. वेलसुद्धा काढली. तशी वेल मला परत जमली नाही. फळ्यावर इतकी वर्षं काढली, पण तशी नाही...”

खिडकीबाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते.

“सर, माझा प्रश्न ट्रंकेचा नाही,” विद्युल्लता म्हणाली. पण आवाज उतरला होता.

“ठाऊक आहे. तुझा प्रश्न नियमाचा आहे.” सर तिच्याकडं वळले. “मला एवढं सांग. तुला राग कशाचा आलाय? तिनं ते नाव लिहिलं याचा, की बुजवलं याचा?”

“दोन्हीचा.”

“दोन्हीचा एकदम कसा येईल?”

तिनं गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“लिहिलं तर म्हणतेस, शिवी आहे, का लिहिलीस. बुजवलं तर म्हणतेस, अक्षर आहे, का बुजवलंस. पोरीनं करायचं काय?”

“तिनं ऐश्वर्या लिहायचं, सर. सरळ आहे.”

“नाव ठेवलं घरच्यांनी,” सर शांतपणे म्हणाले. “मग नाव ठेवलं सरकारनं. आता तू तिला नावं ठेवतेस.”

हे तिला लागलं. ती उठूनच जायची, पण सरांनी हात पुढं केला होता. कागदासाठी.

तिनं गुंडाळी सोडली. कार्डशीट पुन्हा पुन्हा वळत होती. सरांनी एका टोकावर बशी ठेवली, दुसऱ्या टोकावर चष्म्याचं घर ठेवलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

काम सुरेख होतं, हे विद्युल्लतालाही मान्य होतं. चौकट वेलीची. आत खवले, लाटा, मधेच वाडीच्या उताराची शेतं असावीत तशा वळत गेलेल्या रेघा. एकही रेघ थरथरलेली नाही. उजवीकडची अक्षरं पांढरीशुभ्र, कोरी. आणि डावीकडं, जिथं पहिलं अक्षर असायला हवं, तिथं झाड.

न चा दांडा झाडाचं खोड झाला होता. त्याची गाठ कळी झाली होती. वरची रेघ पुढच्या अक्षरांपाशी तोडलेली होती आणि फांदी होऊन चौकटीच्या वेलीत मिसळली होती. खोडाला बारीक पानं फुटली होती, इतकी दाट, की सुई शिरणार नाही.

“बघा,” विद्युल्लता म्हणाली. “पूर्ण खाऊन टाकलाय.”

सर बघत राहिले. जवळून. मग लांबून.

“वाच,” ते म्हणाले.

“काय वाचू? नकुशी.”

“कुठाय?”

“हे काय, इथं...”

“बोट ठेवून वाच. पहिलीतल्या पोरासारखं. कागदावर आहे ते. तुला माहीत आहे ते नको.”

तिला हसू आलं. दहा गावांना अक्षरं शिकवणारी बाई बोट ठेवून वाचणार. पण समोर सर होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तिनं कागदाच्या डाव्या टोकाला बोट ठेवलं.

“हे पान,” ती म्हणाली. “हे पण पान. ही कळी... हे खोड.”

बोट खोडावरून पुढं सरकलं आणि पांढऱ्या जागेत आलं.

“कु.”

“हं.”

“शी...”

बोट थांबलं.

तिनं ते उचललं आणि पुन्हा मागं नेलं. पानं. कळी. खोड. मग कु. मग शी. या वेळी तिनं मोठ्यानं वाचलं नाही, ओठ मात्र हलले.

रेडिओ बंद झाला होता. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

“कुशी,” विद्युल्लता म्हणाली. फार हळू. आई झोपलेल्या बाळाजवळ बोलते तशी.



तिला वर्गातला तो क्षण आठवला. हरवलं न्हाई, बाई. पोरगी तेव्हा बाकाशी उभी होती. बोटांना काळी शाई लागलेली. उद्धटपणा नव्हता तो. ती सांगत होती. शिकवत होती म्हटलं तरी चालेल. आणि बाईंनी तिच्यापुढं नवा कागद सरकवला होता, वर पेन्सिलीनं नाव लिहून.



“मग नियम, सर?” तिनं विचारलं. आता त्यात भांडण नव्हतं. “तो मोडायचा?”

“का मोडायचा? नियम आहे तसाच आहे. अक्षर हरवलं तर चित्र बाद.” सरांनी चष्मा काढला. “हरवलंय का?”

तिनं मान हलवली. नाही.

सरांनी बशी उचलली. कागद आपोआप वळू लागला. विद्युल्लतानं तो हळूच गुंडाळला, येताना गुंडाळला होता त्यापेक्षा सैल, म्हणजे घडी पडणार नाही. गार झालेला चहा तिनं उभ्या उभ्या एका घोटात संपवला. सर म्हणाले, दुसरा करतो. ती म्हणाली, नको, वाडीवर जाऊन यायचंय, अंधार पडायच्या आत. उद्या ये म्हणून सांगायला. तिच्या बापाशीही बोलायचंय, आणि ते बोलणं लवकर संपणारं नाही.

“तो शिव्या देईल,” सर म्हणाले.

“मलाही येतात,” विद्युल्लता म्हणाली.

सर मोठ्यानं हसले. रंगखोलीत हसायचे तसे. तिलाही बरं वाटलं.

पायरीवर चपला घालता घालता ती अडखळली. स्कूटरच्या हँडलला हात लावला आणि परत मागं वळून दारात आली.

“सर, एक राहिलं. प्रत्येक चित्राखाली नावाची चिठ्ठी लावायची असते. सगळ्यांच्या मी लिहून ठेवल्यात. हिच्या चिठ्ठीवर काय लिहू? रजिस्टरातलं नाव लिहू, की...”

सर पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले होते. त्यांनी बाहेर बघितलं. मग तिच्याकडं.

“कोरी ठेव, विद्युल्लता,” ते म्हणाले. “तिला लिहिता येतं.”